कोमल धैवताची हूल

मुमताज महल 1631 साली बुऱ्हाणपुरात वारली, हे आमच्याकडचा रिक्षावालाही सांगेल. दराबा ही आमची मिठाई कुणाची चांगली, यावर शनवाऱ्यावर तासभर वाद होईल. पण पुंडरीक विठ्ठल हे नाव काढलं की समोरचा विचारतो, ‘कुठल्या गल्लीतले?’

हा माणूस सोळाव्या शतकातला. कर्नाटकात शिवगंगेजवळच्या सातनूरचा ब्राह्मण. तिथून तो तापीकाठी आला, फारुकी घराण्यातल्या बुऱ्हाणखानाच्या आश्रयाला राहिला आणि ‘सद्रागचंद्रोदय’ हा संगीतावरचा ग्रंथ त्याने लिहिला. खानाच्या दरबारात संस्कृत ग्रंथ कसा, असं कुणी विचारलं तर मी त्याला जामा मशिदीत नेतो. तिथे अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख आहे. तो याच घराण्यातल्या आदिलशहाने कोरवून घेतला, पुंडरीक बुऱ्हाणपूर सोडून गेल्यावर काही वर्षांनी. तोवर पुंडरीक माधवसिंह कछवाहाकडे गेला होता. तिथे त्याने ‘रागमंजरी’ लिहिली आणि देशी रागांच्या शेजारी इराणी सुरावटींची नावं बिनदिक्कत मांडली. त्याचीच ‘रागमाला’ 1576ची.

मी पेटीवाला. गणपतीत ऑर्केस्ट्राला की-बोर्ड, एरवी भजनाला पेटी. मला पुंडरीकाचं अप्रूप वाटतं ते त्याच्या हिशेबामुळे. गाणाऱ्यांच्या तोंडी असलेले राग त्याने 19 मेळांत बसवले. मेळ म्हणजे पट्टीवरचे कुठले स्वर घ्यायचे याची निवड. असं मांडलं की लगेच दिसतं, कुठल्या दोन रागांत पाच-सहा स्वर तेच आहेत आणि कुठे एकच स्वर अर्ध्या पायरीने सरकलाय. पुढे भातखंड्यांनी पंधराव्या ते अठराव्या शतकांतल्या पद्धतींचा तौलनिक अभ्यास केला, त्यात पुंडरीकाला चांगली जागा दिली. त्यांचे दहा थाट ज्याला पाठ आहेत, त्याला पुंडरीकाचा खटाटोप परका वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी ‘कॉर्डसुद्धा आपल्याच शास्त्रात होत्या’ म्हणून टाळ्या घेईल. नव्हत्या. पुंडरीकाला कॉर्डचा, म्हणजे तीन-चार स्वर एकदम वाजवण्याचा, गंध नव्हता, आणि त्याला त्याची गरजही नव्हती. आपल्याकडे चकवा द्यायचा तो एकाच सुरावटीतून. तिरोभाव म्हणतात त्याला: दोन रागांना समाईक असलेली जागा घ्यायची, ऐकणाऱ्याला क्षणभर दुसऱ्याच रागाच्या उंबऱ्यावर उभं करायचं आणि मग मूळ राग उघडा करायचा. हे जमतं, कारण ती जागा खरोखरच दोघांची असते. खाली तंबोऱ्याचा षड्ज हललेला नसतो. कान चकतो, पण हरवत नाही.

कॉर्डची हूल हेच काम उलट्या बाजूने करते. वरचा सूर तिथेच राहतो आणि खालची जमीन सरकते.

ही जमीन आपल्याकडे आली पेटीतून, पण पेटीवाल्यांनी तिला बराच काळ हात लावला नाही. 1840च्या सुमारास पॅरिसमध्ये दबें या कारागिराने हार्मोनियम बनवली, ती चर्चमध्ये आणि दिवाणखान्यात चार बोटं एकदम दाबण्यासाठी. आपल्याकडे पायपेटीची हातपेटी झाली, एक हात भात्याला गेला, आणि दुसऱ्या हाताने गाणाऱ्याच्या पाठोपाठ धावायचं ठरलं. बालगंधर्वांच्या नाटकांत तर भलामोठा ऑर्गन होता. त्याचंही काम गळ्याची सावली होण्याचंच. 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’ आली. केशवराव भोळ्यांनी तिथे नाटकातलं गाणं तानांतून सोडवलं. चारच वर्षांनी ‘कुंकू’ या चित्रपटात त्यांनी शांता आपट्यांकडून लाँगफेलोची इंग्रजी कविता गाऊन घेतली. हा माणूस विलायती सुरावटीला बिचकत नव्हता.

1 मार्च 1940ला ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती तीस वर्षांवर टिकली. आक्षेप खोटा नव्हता. पेटीत मींड नाही, आणि तिचे बारा स्वर समान अंतरावर कापलेले, त्यामुळे तिचा गंधार तंबोऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा. रागासाठी हा दोषच. पण कॉर्डला नेमकं हेच लागतं: कुठल्याही स्वराला घर म्हणता आलं पाहिजे आणि कुठलंच फार बेसूर लागता कामा नये. रेडिओवर बंदी असताना मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याचे वादक हाच माल रोज विकत होते. सॅबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशनकडे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर 1958 साली भारतीय गायकांना घेऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करून बसले. त्यांचे शिष्य प्यारेलाल. 1977च्या ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचं नाव आलं ते उगाच नव्हे.

आमच्या बाजूचा धागा खांडव्याचा, रेल्वेने जवळपास 70 किलोमीटर. किशोरकुमारचं यॉडलिंग आलं ते भाऊ अनूपकुमारच्या रेकॉर्डींतून: जिमी रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन. रॉजर्स म्हणजे अमेरिकन कंट्री गाण्याचा मूळपुरुष. त्याचं ‘ब्लू यॉडल’ 1927चं. त्यात कॉर्ड मोजून तीन: षड्जाची, मध्यमाची, पंचमाची. निमाडातल्या पोराने ते गळ्यात घेतलं आणि 1961च्या ‘झुमरू’त स्वतःच्या संगीतात मोकळं सोडलं.

आता गंमत अशी की कंट्री गाणं इतकं साधं असतं म्हणूनच तिथे हूल जबरदस्त लागते. त्याच 1961 साली पॅट्सी क्लाइनने विली नेल्सनचं ‘क्रेझी’ गायलं. पांढरी एक धरून सांगतो, पेटी समोर असेल तर वाजवून बघा. पहिली कॉर्ड सा-ग-प. दुसऱ्याच कॉर्डला ध, कोमल रे, ग, प. कोमल रिषभाचा त्या पट्टीशी काही संबंध नाही. पोटात एकदम काहीतरी हलतं. पण ग आणि प जागेवर आहेत ना! तिसरी कॉर्ड रे-म-ध, चौथी प-नि-रे-म. म्हणजे फक्त एका बोटावर लक्ष ठेवलं तर सा, कोमल रे, रे असा तो अर्ध्या-अर्ध्या पायरीने चढला. पाहुणा आला, घरच्यांपैकी दोघं त्याच्याशेजारी बसून राहिले, आणि निघताना तो पुढच्याचा रस्ता दाखवून गेला.

बीटल्सच्या 1962च्या ‘पी.एस. आय लव्ह यू’मध्ये दुसरी तऱ्हा आहे. ओळ संपून घरी यायचं तिथे ते आधी कोमल धैवतावर जातात: कोमल ध, सा, कोमल ग. मग कोमल नी, रे, म. मग सा. अपेक्षित सा-ग-पशी ताडून पाहिलं तर सा हलत नाही. गंधार अर्धी पायरी उतरतो, पंचम अर्धी पायरी चढतो, दोघं विरुद्ध दिशांना. माझ्या मते साऱ्या हुलींत ही सगळ्यात देखणी, कारण धरलेला सा तोच असून एकाएकी वजनदार वाटतो. गाणारा काहीच करत नाही आणि श्रेय त्यालाच मिळतं.

हल्ली पोरं की-बोर्डवर दर ओळीला अशी कॉर्ड टाकतात. नुसती खिचडी होते. तीन ओळी सरळ गेल्याशिवाय चौथी वळण घेते हे कळणार कसं? विवादी स्वर रोज लावला तर तो विवादी राहील का? जुन्या गवयांना हे सांगावं लागत नव्हतं.

आणि एक अडचण खास आमच्या धंद्याची. राजघाटाकडच्या एका मंडळात भजन बसवताना मी अंतऱ्याच्या शेवटी ही कोमल धैवताची कॉर्ड लावली. गाणारे काका थांबले. ‘काय रे, कचकन् लागलं काहीतरी.’ लागणारच: मागे सुरपेटी सा-प धरून बसलेली, आणि तिचा प माझ्या कोमल धला घासत होता. कॉर्ड बरोबर, तंबोराही बरोबर, दोघं एकत्र नांदत नाहीत. मी म्हटलं, ‘काका, अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीला सुरपेटी बंद करू या.’

काका म्हणाले, ‘बंद कशाला? पंचम काढ नि मध्यम लाव, सबंध भजनाला. सा-मवर घासणार नाही तुझं.’

तसं केलं. सा-मच्या मध्ये ती कॉर्ड सरळ बसली. फक्त आता ध्रुवपद पंचमावर येतं तिथे थोडं मोकळं वाटतं, म्हणून तिथे मी एका बोटाने खालचा प दाबून ठेवतो.