यूर्ट्सबेर्य, उल्ले

(१४ नोव्हेंबर १८७२ – ८ सप्टेंबर १९५९). स्वीडिश चित्रकार व ग्रंथचित्रकार. पूर्ण नाव गुस्ताफ उलोफ यूर्ट्सबेर्य. जन्म स्टॉकहोम येथे. फुलांची वस्तुचित्रे, चर्चमधील भित्तिचित्रे आणि १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकचे भित्तिपत्रक यांसाठी ते ओळखले जातात.

स्टॉकहोमच्या शाही कला अकादमीत त्यांचे शिक्षण झाले. त्यानंतरच्या प्रवासात त्यांनी इटलीतील जुनी भित्तिचित्रे आणि बायझंटिन कला अभ्यासली. सपाट पृष्ठभाग, ठाशीव बाह्यरेषा आणि लयबद्ध मांडणी हे त्यांच्या शैलीचे गुण या अभ्यासातून घडले. १९११ मध्ये ते अकादमीत प्राध्यापक झाले. १९२० ते १९४१ या काळात ते तिचे संचालक होते.

चर्चची सजावट हे त्यांचे पहिले मोठे कार्यक्षेत्र. स्टॉकहोममधील क्लारा चर्चचे छत त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रंगवले. वास्तुशिल्पी लार्स इस्राएल वाल्मान यांनी उभारलेल्या आणि १९१४ मध्ये पूर्ण झालेल्या एंगेलब्रेक्ट चर्चमध्येही त्यांची भित्तिचित्रे आहेत. राजा पाचवा गुस्ताफ याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बायबलच्या आवृत्तीसाठी त्यांनी चित्रे काढली.

१९१२ च्या ऑलिंपिक भित्तिपत्रकात एक नग्न तरुण खेळाडू स्वीडनचा ध्वज फिरवत पुढे येतो. त्याच्यामागे इतर राष्ट्रांचे ध्वज घेतलेल्या खेळाडूंची रांग आहे. फडफडत्या फितीने पुढच्या आकृतीचा काही भाग झाकलेला असूनही काही देशांना हे चित्र असभ्य वाटले. चीनमध्ये ते लावू दिले गेले नाही. तरीही १६ भाषांत छापलेले हे पत्रक जगभर पोहोचले आणि ऑलिंपिकच्या भित्तिपत्रकांमध्ये त्याला महत्त्वाचे स्थान मिळाले.

उत्तरायुष्यात यूर्ट्सबेर्य फुलांच्या चित्रणाकडे वळले आणि स्वीडनमधील घराघरांत त्यांचे नाव पोहोचले ते याच चित्रांमुळे. सतराव्या शतकातील डच पुष्पचित्रांची परंपरा त्यांनी डोळसपणे स्वीकारली. भांड्यात रचलेला भरगच्च गुच्छ चित्राच्या मध्यभागी, त्यामागे साधी पार्श्वभूमी आणि सर्वत्र सारखा स्वच्छ प्रकाश अशी त्यांची रचना असते. दाटीतही कोणतेच फूल दुसऱ्यात विरघळून जात नाही. पाकळीची कड, देठाचा बाक, पानाची वळलेली बाजू हे सारे नेमक्या रेषेत उतरते. दृक्‌प्रत्ययवादी चित्रकार फुले रंगाच्या फटकाऱ्यांत सुचवतात. यूर्ट्सबेर्य ती एकेक करून घडवतात.

त्यांच्या या दोन कार्यक्षेत्रांत वरवर पाहता मोठे अंतर आहे. एकीकडे दुरून पाहायचे भव्य छत आणि दुसरीकडे हाताच्या अंतरावरून न्याहाळायचा छोटा पट. दोन्हींमागची दृष्टी मात्र अलंकरणकाराचीच आहे. भिंतीवर आकृती बसवताना जागा मोकळी किती ठेवायची आणि भरायची किती, याचा जो हिशेब त्यांनी आत्मसात केला होता, त्याच हिशेबाने ते गुच्छातील फुलांच्या जागा ठरवतात. म्हणूनच बारकाव्यांची एवढी गर्दी असूनही त्यांची चित्रे विस्कळीत होत नाहीत. वनस्पतिशास्त्रीय अचूकता आणि नक्षीची शिस्त यांचा असा मेळ घालणे सोपे नाही. युरोपीय चित्रकला घनवाद आणि अमूर्ततेच्या दिशेने जात असताना त्यांनी निष्ठेने जपलेले हे कौशल्य त्यांच्या कार्यातील सर्वांत मोलाचा भाग आहे.

त्यांची चित्रे स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.