चौक लिहिणाऱ्या बाया



गेल्या वर्षी आमच्या एका गटाला मुंबईहून ऑर्डर आली. दोनशे पायपुसणी, त्यांवर वारली चित्र. नमुना म्हणून व्यापाऱ्याने मोबाइलवर फोटो पाठवला, तो नेमका पालघटदेवीच्या चौकाचा. भाव बरा होता, पोरी हो म्हणायच्या बेतात होत्या. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली आमची एक आजी म्हणाली, "देवीवर पाय पुसाल का गं?" तिने कितीतरी लग्नांत चौक लिहिलेत. बैठक तिथेच थांबली. तेव्हापासून मी या चौकाबद्दल विचारत, वाचत आले. आज तेच सांगते.

आपल्याकडे चौक काढत नाहीत, लिहितात. लग्नघरात कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, वर गेरूचा हात फिरवायचा. तांदूळ वाटून पांढरं पाणी करायचं आणि टोकाला ठेचलेली बांबूची काडी त्यात बुडवायची. लिहिणाऱ्या सवाशिणी. आधी चारही बाजूंच्या पट्ट्या, ओळीवर ओळ. आजी सांगते, कडा नीट भरली नाही तर वाईट काही आत शिरतं. म्हणजे हे आपल्या घराचं कुंपणच म्हणा ना. मग मधोमध पालघट, भोवती झाडं, सूर्य-चंद्र, शिडी, फणी. शेजारी छोटा देवचौक, त्यात पाच डोक्यांचा पंचशिऱ्या. धवलेरी गाणी म्हणत राहते, भगत देवांना बोलावतो. पालघट आली नाही तर लग्न लागत नाही. लग्न झाल्यावर चौक तसाच भिंतीवर राहतो, धुरात-पावसात पुसट होत जातो. तो कुणी जपून ठेवत नाही.

पण चौक लिहायचा तर लग्न हवं, आणि लग्नाला पैसा हवा. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी तो जमीनदार-सावकाराकडून यायचा. थोडक्या कर्जापायी नवरा त्याच्याकडे राबायचा, आणि नुकतीच चौकासमोर बसलेली नवरीही त्याच्याबरोबर जायची. याला लग्नगडी म्हणत. कर्ज फिटायचं नाही, आयुष्य सरायचं. ज्या चौकाने वाईट बाहेर ठेवायचं, त्याच्याच पायी सावकार घरात यायचा. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची मोठी सभा झाली, वेठ आणि लग्नगडी यांना नकार द्यायचं ठरलं. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलंय. ज्या गटात वाचता येणारी एक तरी बाई आहे, तिथे ते मोठ्याने वाचलं जावं असं मला वाटतं. पैशाअभावी लग्न मागे ठेवून संसार करणारी जोडपी आपण आजही बघतो. कुठे कुठे आई-बाप आणि लेक एकाच मांडवात उभे राहतात.

पुढे १९७० नंतरच्या दुष्काळी वर्षांत भास्कर कुलकर्णी डहाणू भागात आले. भिंतीवरचं चित्र त्यांनी कागदावर काढायला लावलं, त्याचे पैसे मिळू लागले. गंजाडच्या कळंबीपाड्यातले जिव्या सोमा म्हसे पुढे आले. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. त्यांची चित्रं परदेशात गेली. २०१८ मध्ये ते वारले. त्यांचा मान खराच, हात तसाच होता. त्यांच्यामागून पुष्कळ पुरुष चित्रं काढू लागले. पण मला एक सांगा, त्यांच्याआधी पिढ्यान्पिढ्या चौक लिहिणाऱ्या किती सवाशिणींची नावं आपल्याला येतात? मी चार बैठकांत विचारलं. बाया एकमेकींकडे बघून हसल्या. मग एकीने आपल्या सासूचं नाव घेतलं, दुसरीने आत्याचं. ती नावं मी आमच्या इतिवृत्ताच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहेत. सध्या सतरा झालीत.

त्या ऑर्डरचं विचाराल तर दोन बैठका वाद झाला. एक पोरगी म्हणाली, "शाळेची फी देवी भरणार का?" ती चुकीचं बोलली असं मी म्हणणार नाही, तिच्या घरची मला माहिती आहे. शेवटी पालघट घ्यायची नाही असं ठरलं. आजीनेच काडी हातात घेतली आणि खेकडे, कोंबड्या, ताडाची झाडं काढून दिली. म्हणाली, "यावर पुसा पाय." व्यापाऱ्याने दोनशेतली साठच घेतली. बाकीची गटाच्या पेटीत आहेत. कुणाला हवी असतील तर सांगा.