रक्षेसाठी कलश कोणता?



नवव्या शतकातलं आदिपुराण जिनसेनाचार्यांनी लिहायला घेतलं आणि त्यांचे शिष्य गुणभद्र यांनी पूर्ण केलं. त्यात ऋषभदेवांच्या निर्वाणानंतरचा प्रसंग आहे. अग्नी शांत झाल्यावर देवांनी ती रक्षा कपाळाला, दंडांना, गळ्याला आणि छातीला लावली. म्हणजे कलशाचा प्रश्नच आला नाही. श्वेतांबर आगमांत मात्र इंद्रादी देव भगवंतांच्या दाढा घेऊन जातात आणि स्वर्गात रत्नांच्या गोल डब्यांत जपून ठेवतात असं वर्णन आहे. कथा एकाच निर्वाणाची, पण एकीकडे डबा आहे आणि दुसरीकडे नाही.

पावापुरीची आख्यायिका आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. परंपरेनुसार इ.स.पू. ५२७ मध्ये महावीरस्वामींचं निर्वाण झालं. अंत्यसंस्काराच्या जागेवरून लोकांनी चिमूट चिमूट रक्षा नेली. रक्षा संपली तेव्हा तिथली माती नेली, आणि नेता नेता तिथे मोठा खड्डा पडला. आज त्याच जागी कमळांचं तळं आहे, मध्ये जलमंदिर, आणि आत चरणपादुका.

पादुकांचं हे वळण पुढेही दिसतं. सल्लेखना घेतलेल्यांच्या स्मरणार्थ आपल्याकडे निषीधिका उभारल्या. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर असे कितीतरी शिलालेख आहेत, आणि त्यांत बायकांची नावं आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. होयसळ राणी शांतलादेवीची आई माचिकब्बे हिच्या सल्लेखनेची नोंद तिथे आहे. सेनापती गंगराजाच्या पत्नीचीही आहे. अलीकडचं म्हणाल तर आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरीवर देह ठेवला. तिथेही आपण नमस्कार करतो तो चरणांना.

मग घरातलं माणूस गेल्यावर कलशाचं काय? कोल्हापूर-सांगलीकडे रक्षाविसर्जन म्हणतात, बहुतेक तिसऱ्या दिवशी होतं. सासूबाई गेल्या तेव्हा नणंद परदेशातून यायला आठवडा लागणार होता. "आईला शेवटचं बघता आलं नाही, निदान रक्षा माझ्या हातून जाऊ दे," एवढंच ती फोनवर म्हणाली. चुलत सासरे म्हणाले, जीव अडकून राहतो, थांबू नका. तत्त्वार्थसूत्र काय सांगतं? एक देह सोडून दुसरा घ्यायला जीवाला चार समयही लागत नाहीत, आणि समय म्हणजे काळाचा सगळ्यांत लहान भाग, डोळ्याच्या पापणीच्या कितीतरी आतला. सासूबाई केव्हाच पुढच्या गतीला गेल्या होत्या. कलशात होतं ते पुद्गल. थांबायचं होतं ते नणंदेसाठी, आणि त्यात काही वावगं नव्हतं. मी हे बोलले तेव्हा काका गप्प बसले. मला वाटतं, पटलं असावं.

भांड्याच्या दुकानात चांदीचा मुलामा दिलेले, नक्षीचे कलशही होते. मी साधा तांब्याचा, घट्ट झाकणाचा घेतला. विसर्जन त्याच दिवशी होणार असेल तर मातीचं मडकं उत्तम, स्वस्त आणि पुन्हा मातीत मिसळणारं. पण आठवडाभर ठेवायचं, तेही पावसाळ्यात, तर मातीला ओल धरते, बुरशी येते, मुंग्या शिरतात. रक्षा पूर्ण थंड आणि कोरडी झाली आहे ना ते बघावं, तोंड कोरड्या सुती कापडाने बांधून वर झाकण लावावं. यत्नाचार सुतकातही सुटत नाही.

आणि नदी? राख, त्रिफळा, लवंग घालून पाणी प्रासुक करायची रीत आपल्या घरांत आहे. प्रासुक करणं म्हणजे पाण्यातले जीव न राहणं, हे ठाऊक असताना आपणच पोतंभर राख पंचगंगेत ओतायची, हे मला काही केल्या जुळवता येत नाही. हल्ली आपल्या भागात बरीच घरं रक्षा शेतात टाकतात, कुणी त्यावर झाड लावतात.

नणंद आली. मळ्यात बांधाशेजारी, मुंग्यांचं वारूळ नाही अशी कोरडी जागा आधी नीट पाहिली आणि हातभर खड्डा काढला. नणंदेने रक्षा स्वतःच्या हाताने ठेवली, आम्ही नऊ वेळा णमोकार म्हटला, आणि दिराने वर आंब्याचं रोप लावलं.