बऱ्हाणपूर-अंकलेश्वर राज्यमार्ग

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर राज्यमार्ग हा मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर व गुजरातमधील अंकलेश्वर या शहरांना खानदेशातून जोडणारा रस्ता आहे. महाराष्ट्रात तो जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतून जातो. सातपुडा पर्वत आणि तापी नदी यांच्यामधील सुपीक पट्ट्यातून पूर्व-पश्चिम जाणारा हा प्रमुख मार्ग आहे.

मार्ग

बऱ्हाणपूरहून निघालेला रस्ता जळगाव जिल्ह्यात रावेर, सावदा, फैजपूर, यावल, किनगाव, अडावद व चोपडा या गावांतून जातो. गलंगीच्या पुढे तो धुळे जिल्ह्यात शिरतो. शिरपूर येथे तो मुंबई-आग्रा महामार्गास छेदतो. त्यानंतर नंदुरबार जिल्ह्यातील शहादा, तळोदा व अक्कलकुवा ही तालुक्याची गावे लागतात. पुढे गुजरातमधील सागबारा, डेडियापाडा व नेत्रंगमार्गे तो अंकलेश्वरला पोहोचतो. तळोदा ते नेत्रंग हा भाग आता शेवाळी-नेत्रंग राष्ट्रीय महामार्गात (७५३ ब) मोडतो. सातपुड्यातून तापीकडे वाहणाऱ्या सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई आदी नद्या हा रस्ता ओलांडतो.

जोडरस्ते

या मार्गावरून तापीपलीकडे जाणारे अनेक रस्ते फुटतात. यावल व फैजपूर येथून भुसावळ, चोपड्याहून अमळनेर व जळगाव, शहाद्याहून सारंगखेडामार्गे दोंडाईचा, तर तळोद्याहून नंदुरबार येथे जाता येते.

वाहतूक

रावेर, यावल व चोपडा हे तालुके केळीच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहेत. जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. येथील केळी मालमोटारींनी उत्तर भारतातील बाजारपेठांकडे रवाना होते. केळी नाशवंत असल्याने रस्ता सुस्थितीत असणे व वाहतूक वेळेवर होणे यांवर शेतकऱ्यांना मिळणारा भाव बराचसा अवलंबून असतो. कापूस, ऊस, तसेच शहादा परिसरातील पपई व मिरची यांचीही वाहतूक या मार्गाने होते. गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर, लांब पल्ल्याच्या मालमोटारी आणि एस.टी. बस एकाच रस्त्यावर येतात. रस्ता अनेक ठिकाणी गावांच्या वस्तीतून जात असल्याने तेथे कोंडी होते.

महत्त्व

भुसावळ-खंडवा लोहमार्गावर रावेर व सावदा ही स्थानके आहेत. मात्र त्यांच्या पश्चिमेस तापीच्या उत्तर काठावरील यावल, चोपडा, शिरपूर, शहादा व तळोदा या गावांना रेल्वे नाही. सुरत-भुसावळ लोहमार्ग नदीच्या दक्षिणेकडून जातो. त्यामुळे शिक्षण, उपचार, बाजार व मजुरीसाठी या भागातील रहिवासी, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याचे भिल्ल व पावरा समाज, प्रामुख्याने याच रस्त्यावर व त्याच्या जोडरस्त्यांवर विसंबून असतात.

मार्गावरील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली झाले. अडावदजवळील उनपदेवचे गरम पाण्याचे झरे आणि यावल तालुक्यातील मनुदेवी मंदिर या ठिकाणी जाण्यासाठीही हा मार्ग उपयोगी आहे.