मुदतबंदीचे अधुरे कलम
अमेरिकेच्या १७८१ च्या संघलेखात, सहा वर्षांत तीनांहून अधिक वर्षे कोणीही काँग्रेसचा प्रतिनिधी राहू नये, असे कलम होते. ते १७८७ च्या संविधानकारांनी गाळले, ही माझ्या मते मोठीच चूक होय. १९५१ च्या बाविसाव्या दुरुस्तीने राष्ट्राध्यक्षाला दोनदाच निवडून येण्याची मर्यादा घातली. काँग्रेस मात्र मोकळी राहिली. मार्च १९९५ मध्ये बारा वर्षांच्या मुदतबंदीची दुरुस्ती प्रतिनिधिगृहात मतास आली तेव्हा २२७ मते अनुकूल व २०४ प्रतिकूल पडली, आणि बहुमत लाभूनही, दोन-तृतीयांशांअभावी, ती बारगळली. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने, २३ राज्यांनी आपल्या अखत्यारीत घातलेली बंधने पाच विरुद्ध चार मतांनी रद्दबातल ठरविली. दोन-तृतीयांश राज्यांच्या मागणीवरून दुरुस्ती-परिषद भरविण्याचा पाचव्या अनुच्छेदातील मार्ग उरतो. अशी परिषद आजवर एकदाही भरलेली नाही.