राजघराण्यातील हौशी गुप्तहेर (रहस्यकथा)

इंग्रजी सौम्य रहस्यकथेचा (कोझी क्राइम) एक उपप्रकार. यात गुन्ह्याचा छडा पोलीस किंवा धंदेवाईक गुप्तहेर लावत नाही. राजा, राणी अथवा राजकुळातले कोणीतरी लावते. खून होतो, पण रक्तपाताची वर्णने टाळलेली असतात. स्थळ बहुधा राजवाडा किंवा शिकारीचा बंगला, आणि संशयित मोजके.

पीटर लव्हसी यांच्या ‘बर्टी अँड द टिनमॅन’ (१९८७) या कादंबरीचा नायक आणि निवेदक प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेला राजपुत्र ‘बर्टी’ आहे. नामांकित जॉकी फ्रेड आर्चर याने १८८६ मध्ये आत्महत्या केली, ही खरी घटना कथेच्या मुळाशी आहे. बर्टीला आपल्या बुद्धीचा भारी अभिमान, आणि त्याचे तर्क मात्र वरचेवर फसतात. ऱ्हीस बोवेन यांच्या ‘हर रॉयल स्पायनेस’ (२००७) पासून सुरू झालेल्या मालिकेतील लेडी जॉर्जियाना १९३० च्या दशकातली. सिंहासनाच्या वारसांत तिचा क्रमांक ३४ वा, पण हाती दमडी नाही.

या प्रकाराचे खरे सामर्थ्य एस. जे. बेनेट यांनी दाखवले. त्यांच्या मालिकेत दुसरी एलिझाबेथ स्वतः तपास करते. ‘द विंडसर नॉट’ (२०२०) घडते एप्रिल २०१६ मध्ये, राणीच्या नव्वदाव्या वाढदिवसाच्या तोंडावर. विंडसर किल्ल्यात मेजवानीला आलेला एक तरुण रशियन पियानोवादक सकाळी कपाटात मृतावस्थेत सापडतो. गुप्तचर खात्याला परकीय कटाचा वास येतो. राणीला ते पटत नाही. पण ती करणार काय? ब्रिटनमध्ये फौजदारी खटले राजसत्तेच्याच नावाने चालतात, त्यामुळे राणीने एखाद्या संशयिताला समोर बसवून उलटतपासणी घेणे अशक्यच. दिवसाचा तास न् तास आधीच ठरलेला. म्हणून धावपळीचे काम सहायक खासगी सचिव रोझी ओशोडी करते. ती नायजेरियन वंशाची, सैन्यातली माजी अधिकारी. उत्तर सापडल्यावरही राणी ते उघड सांगत नाही. तपास करणाऱ्या पुरुषांना धागा अलगद पुरवते आणि शोध त्यांनीच लावला असे त्यांना वाटू देते. सर्वोच्च पदावरच्या स्त्रीलाही आपली बुद्धी झाकून ठेवावी लागते, हे निरीक्षण मालिकेला निव्वळ करमणुकीच्या वर नेते.

‘अ थ्री डॉग प्रॉब्लेम’ (२०२१) बकिंगहॅम राजवाड्यात, तर ‘मर्डर मोस्ट रॉयल’ (२०२२) सँडरिंगहॅमच्या नाताळात घडते. सप्टेंबर २०२२ मध्ये राणीचे निधन झाले. त्यानंतर ‘अ डेथ इन डायमंड्स’ (२०२४) मध्ये लेखिकेने कथानक १९५७ मध्ये नेले. राणी तिथे तिशीतली, दरबारी पुरुषांनी वेढलेली.

भारतीय संस्थानांची पार्श्वभूमीही या प्रकाराला लाभली आहे. अर्जुन राज गैंद यांचा महाराजा सिकंदर सिंह ‘डेथ अ‍ॅट द दरबार’ मध्ये १९११ च्या दिल्ली दरबारातील खुनाचा शोध घेतो. सुजाता मॅसी यांच्या ‘द सातापूर मूनस्टोन’ (२०१९) मध्ये सह्याद्रीतले एक काल्पनिक संस्थान आहे, पण तिथे शोध घेणारी मुंबईची पारशी वकील परवीन मिस्त्री आहे. राजघराणे स्वतःच संकटात असते. त्यामुळे ती कादंबरी या प्रकाराची शेजारीण म्हणावी लागेल. नव्या वाचकाने आरंभ ‘द विंडसर नॉट’ पासून करावा.