भोपळा, पितर आणि ३१ ऑक्टोबर

ऑक्टोबर संपत आला की मुलुंड-बोरिवलीच्या सोसायट्यांमध्ये एक वाद रंगतो. मुलांना भुताचे कपडे घालून दारोदार चॉकलेटं मागायला पाठवायचं की नाही? एक गट म्हणतो, पोरांची मजा आहे, होऊ द्या. दुसरा म्हणतो, हे आपलं नाही. आज हा वाद इतिहासाच्या बाजूने बघू.

आधी नाव. हॅलोविन म्हणजे सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ. संतांचा सण १ नोव्हेंबरला, मृतांचा स्मरणदिन २ नोव्हेंबरला. आता हे दिवस साष्टी बेटावर, म्हणजे आपल्या अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या भागात, नवे आहेत का? अजिबात नाहीत. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली आणि इथे चर्च उभी राहिली. मरोळच्या १५७९ सालच्या सेंट जॉन चर्चचे अवशेष आजही सीप्झच्या आवारात आहेत. इथल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. दर २ नोव्हेंबरला ही कुटुंबं दफनभूमीत जातात, कबरींवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. म्हणजे वेषभूषा नवी असेल, पण ते दिवस आपल्या उपनगरांत काही शतकं पाळले जातायत.

आता भोपळा. आयर्लंडमध्ये लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसं मोठ्या संख्येने अमेरिकेत गेली. तिथे त्यांना भोपळा सापडला; मोठा आणि कोरायला सोपा. हे भोपळ्याचं कूळच मुळात अमेरिकेतलं. कोलंबसनंतर त्याचे भाऊबंद समुद्रमार्गे आपल्याकडे आले. आणि गंमत बघा, आपल्याकडे लाल भोपळा कुठे जाऊन बसला? थेट पितृपक्षाच्या पानात! बऱ्याच घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकात खीर, वडे आणि आमसुलाच्या चटणीबरोबर भोपळ्याची भाजी असते. त्याला आज कुणी परका म्हणत नाही.

म्हणून ‘आपलं की परकं’ हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. माझी काळजी वेगळी आहे. आजच्या हॅलोविनने मुलं धरून ठेवली, पण मृतांना सोडलं. आपल्या पितृपक्षाने मृतांना धरून ठेवलं, पण ‘अशुभ’ म्हणत मुलांना लांब ठेवलं. परिणाम असा की मुलाला परदेशी भुतांची नावं तोंडपाठ असतात आणि पणजीचं नाव सांगता येत नाही.

यावर उपाय स्वयंपाकघरातच आहे. भोपळा किसा, गुळात शिजवा. गार झाला की त्यात मावेल तेवढी कणीक आणि थोडं तांदळाचं पीठ घालून मळा. मुलांना घारगे थापू द्या, तळण तुम्ही सांभाळा. आणि थापता थापता सांगा, घारगे कुणाच्या हातचे चांगले व्हायचे, ती बाई कोण होती, कुठल्या गावाहून मुंबईला आली. पितृपक्षात करा किंवा ३१ ऑक्टोबरला, माझी हरकत नाही.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.